काकतालीय: क्रीडास्पर्धांमधले ‘संकेत’ तपासण्याच्या नोंदी

७ एप्रिल २०२५ – तक्ता

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. फांदी कावळ्यामुळेच मोडली का, हे ठरवायचं तर त्या झाडावर एकूण किती कावळे किती वेळा बसून गेले ते आधी कळायला हवं. या कामात मोजायचं आहे ते तेवढंच. फोल्डरचं नाव म्हणून ‘काकतालीय’.

कच्चा माल: पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकाचे १३ अंतिम सामने, १९७५ ते २०२३. हाच संच घेण्याचं कारण असं की, तो प्रत्येकाला तोंडपाठ असतो आणि ‘यंदा कप कोणाचा’ याचे बहुतेक संकेत यातूनच निघतात. दर सामन्याला एक ओळ. रकाने: वर्ष, यजमान, टॉस कोणी जिंकला, त्याने काय निवडलं, पहिली फलंदाजी कोणाची, विजेता, सामना दिवसाचा की दिवसरात्र.

तपासायचे निकाल तीनच ठेवले: (क) टॉस जिंकणारा सामना जिंकला का, (ख) पहिली फलंदाजी करणारा जिंकला का, (ग) ऑस्ट्रेलिया जिंकला का. चौथा निकाल घ्यायचा नाही. आज मोह होईल, उद्या होईल, तरी नाही.

८ एप्रिल – नोंद करतानाचे वाद

तेरा ओळी भरायला दहा मिनिटं लागतात असं वाटलं होतं. अडलं ते असं:

२०११ – वानखेडेवर टॉस दोनदा झाला. गोंगाटात श्रीलंकेच्या कर्णधाराने काय म्हटलं ते सामनाधिकाऱ्यांना ऐकू आलं नाही. दुसरा टॉस धरला: श्रीलंकेने जिंकला, पहिली फलंदाजी घेतली, सामना हरला.

२०१९ – सामना टाय, सुपर ओव्हरही टाय. चौकार-षटकारांच्या मोजणीवर (२६ विरुद्ध १७) इंग्लंड विजेता. तक्त्यात ‘पाठलाग करणारा जिंकला’ असं लिहिलं. हा निर्णय आमचा आहे, मैदानावरचा नव्हे. या ओळीवर तारा काढला.

१९७५, १९७९, १९८३ – डाव ६० षटकांचे. १९८७ पासून ५०. एकाच तक्त्यात बसवले तरी खेळ तंतोतंत एक नाही.

असा प्रत्येक ‘हे धरू, ते सोडू’ निर्णय म्हणजे एक लपलेली कळ असते. संकेत आधी दिसला आणि मग कळ फिरवली, तर हवा तो आकडा काढता येतो. त्यामुळे कळा आजच घट्ट केल्या आणि फाइलवर तारीख टाकली.

९ एप्रिल – टॉस आणि पहिली फलंदाजी

टॉस जिंकून कप जिंकणारे: १९८७, १९९२, १९९६, २००७, २०२३. एकूण ५. टॉस हरून जिंकणारे ८.

‘अंतिम सामन्यात टॉस हरणंच बरं’ हे वाक्य यातूनच येतं. निव्वळ नाण्याच्या हिशेबाने १३ पैकी ८ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता: ८,१९२ पैकी २,३८० मांडण्या, म्हणजे २९ टक्के. दहा वेळा असा तक्ता केला तर जवळपास तीनदा हेच दिसेल. विषय इथेच संपला.

पहिली फलंदाजी (फ) आणि पाठलाग (प), विजेत्याच्या बाजूने, क्रमाने:

फ फ फ फ फ प प फ फ प प प प

हे मात्र डोळ्यात भरतं. १९९२ पर्यंत पाचपैकी पाच वेळा पहिली फलंदाजी करणारा जिंकला होता. १९९६ ला लाहोरमध्ये अर्जुना रणतुंगाने टॉस जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं तेव्हा अंतिम सामना पाठलाग करून कोणीही जिंकलेला नव्हता. श्रीलंका सात गडी राखून जिंकली. संकेत पाळला असता तर कप गेला असता असंही म्हणता येत नाही. तो दुसरा सामना कोणी खेळलाच नाही.

सलग गटांची चाचणी केली (गट म्हणजे ओळीने आलेली सारखी अक्षरं; वर असे गट ४). ७ फ आणि ६ प यांच्या मांडण्या १,७१६. त्यांत ४ किंवा कमी गट पडतात अशा मांडण्या ७३ (दोन गटांच्या २, तीनच्या ११, चारच्या ६०). उत्तर ४.२५ टक्के.

पाच टक्के म्हणजे ‘हा योगायोग नसावा’ असं म्हणण्याचा रूढ उंबरठा. त्याच्या खाली आलं की हात शिवशिवतात. दोन गोष्टी लगेच लिहून ठेवल्या. एक, ‘गट फार कमी’ आणि ‘गट फार जास्त’ या दोन्हींपैकी काहीही दिसलं असतं तरी आम्ही ते नोंदवलंच असतं. दोन्ही बाजू धरल्या तर आकडा साधारण दुप्पट होतो. दोन, २०१९ ची तारांकित ओळ ‘फ’ केली की शेवटची चौकडी फुटते, गट ४ चे ६ होतात आणि जादू संपते. एका सुपर ओव्हरवर उभा असलेला नियम.

मोजणी: ३ नियम.

११ एप्रिल – यजमान

२०११ भारत, २०१५ ऑस्ट्रेलिया, २०१९ इंग्लंड. तीन वेळा ओळीने यजमान (किंवा सहयजमान) विजेता. २०२३ ला यजमान भारत, त्यातून अंतिम सामन्याआधी दहापैकी दहा विजय. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद: ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून.

२०११ च्या आधीच्या नऊ स्पर्धांत यजमान जिंकल्याचं उदाहरण एकच, १९९६ ची श्रीलंका, तीही सहयजमान. म्हणजे ‘सलग तीन’ सांगणाऱ्याने मोजणी कुठून सुरू करायची तेही स्वतःच निवडलेलं असतं. सुरुवातीचं वर्ष निकाल बघून निवडलं असेल तर ती खिडकी तक्त्यात घ्यायची नाही, असा नियम केला.

फुटबॉलमध्ये याचंच भावंड आहे. गतविजेता पहिल्याच फेरीत गारद: २०१० इटली, २०१४ स्पेन, २०१८ जर्मनी. २०२२ ला गतविजेता फ्रान्स थेट अंतिम सामन्यात. तीनाची साखळी, चौथ्याला तुटली. तीन हा आकडा फसवा आहे. ‘सलग’ म्हणायला पुरतो, पण सिद्ध काहीच करत नाही.

मोजणी: ४.

१४ एप्रिल – लीप वर्षाचा नियम

इथे मुद्दाम मूर्ख रकाना घातला: लीप वर्ष आहे की नाही.

तेरा वर्षांपैकी लीप वर्षं दोनच, १९९२ आणि १९९६. दोन्हींत टॉस जिंकणारा कप जिंकला. बाकीच्या अकरा वर्षांत टॉस हरणारा आठ वेळा जिंकला. नियम असा तयार झाला: ‘लीप वर्ष असेल तर टॉस जिंकणारा, नसेल तर हरणारा.’ १३ पैकी १० बरोबर. नाण्याच्या हिशेबाने दहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ३७८ भागिले ८,१९२, म्हणजे ४.६ टक्के. लीप वर्ष आणि उन्हाळी ऑलिंपिकचं वर्ष या दोन्ही वेळा एकच असल्याने याला भारदस्त पोशाखही मिळतो: ‘ऑलिंपिकच्या वर्षी टॉस निर्णायक ठरतो.’ कारण विचारलं तर पाच मिनिटांत तेही सुचतं. कारण सुचणं हा पुरावा नाही, एवढं फळ्यावर लिहून ठेवलं.

आता मोडतोड.

पहिली चूक तुलनेच्या पायाची. डोळे मिटून ‘नेहमी टॉस हरणारा’ म्हटलं तरी १३ पैकी ८ बरोबर येतात. लीप वर्षाने भर घातली ती फक्त दोन ओळींची. त्यामुळे प्रश्न असा विचारायला हवा: टॉस जिंकणारे ५ विजेते तेरा वर्षांत कसेही विखुरले, तर नेमकी ती दोन वर्षं त्यांच्या वाट्याला येण्याची शक्यता किती? ५/१३ × ४/१२ = २०/१५६, म्हणजे १२.८ टक्के. ४.६ चे १२.८ झाले, आणि अजून मोजणीचा दंड (अनेक नियम चाळून हा निवडला त्याबद्दलचा) लावलेलाच नाही.

दुसरी चूक, वाटणी न करण्याची. पहिल्या आठ स्पर्धांवर (२००३ पर्यंत) हा नियम ८ पैकी ७ बरोबर देतो. फक्त १९८७ चुकतं. तिथेच थांबून कोणी छापला असता तर शक्यता ९/२५६, म्हणजे ३.५ टक्के, अशी दिसली असती. पुढच्या पाच स्पर्धांवर ५ पैकी ३. नाण्याकडून तेवढं होतंच.

तिसरी गोष्ट चूक नाही, सापळा आहे. १९९९ नंतर स्पर्धा दर चार वर्षांनी २००३, २००७ अशी लागते आणि या वर्षांना चारने भागल्यावर नेहमी ३ उरतात. हे वेळापत्रक टिकलं तर लीप वर्षी विश्वचषक येणारच नाही. नियमाचा तो अर्धा भाग यापुढे कधीच चुकणार नाही, कारण तो तपासलाच जाणार नाही. असे नियम सर्वांत दीर्घायुषी.

मोजणी: ५.

१५ एप्रिल

‘वर्षाचा शेवटचा अंक’ रकाना. ७ ने संपणारी वर्षं: १९८७, २००७. दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाने टॉस जिंकला, पहिली फलंदाजी घेतली, कप नेला. पुढची स्पर्धा २०२७.

ऑस्ट्रेलियाचे १३ पैकी ६ कप आहेत. कुठलीही दोन ठरावीक वर्षं त्यांच्याकडे असण्याची शक्यता ६/१३ × ५/१२, म्हणजे १९ टक्के. टॉस आणि फलंदाजीचा तपशील जोडला की (देश न बघताही असे विजेते तीनच: १९८७, १९९२, २००७) शक्यता ३/१३ × २/१२ वर, म्हणजे ३.८ टक्क्यांवर येते. तपशील वाढला की योगायोग दुर्मिळ वाटतो. पण तो तपशील शोधून मग जोडलेला आहे. टॉसऐवजी तपशील म्हणून विजेत्या कर्णधाराचा जर्सी क्रमांक जुळला असता, तर तोच जोडला असता.

मोजणी: ७ (तपशिलासह आणि तपशिलाविना, वेगळे मोजले).

१७ एप्रिल – दंड कसा लावायचा

हाताने शोधणं थांबवून जाळं टाकलं. चोवीस रकाने (लीप वर्ष, शेवटचा अंक, यजमान खंड, दिवस/दिवसरात्र, अंतिम सामन्याचा महिना, संघाच्या नावातली अक्षरं वगैरे) गुणिले तीन निकाल, एकूण ७२ नियम. वरचे हाताने काढलेले सात यात आले नसतील तर ते वेगळे धरायचे. दंड निदान ७२ चा.

प्रत्येक नियम खोटा आहे असं धरलं आणि ‘पाच टक्के’ हा उंबरठा ठेवला, तर ७२ पैकी सरासरी ३.६ नियम उगाचच उत्तीर्ण होतात. एकही उत्तीर्ण न होण्याची शक्यता ०.९५ चा ७२ वा घात, सुमारे २.५ टक्के. (नियम एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत आणि तेरा ओळींत आकडे पायऱ्यांनी वाढतात, म्हणून हे ढोबळ. दिशा तीच.) जाळं रिकामं आलं असतं तर ते नवल होतं.

साधा उपाय: उंबरठ्याला नियमांच्या संख्येने भागा. ०.०५ भागिले ७२, म्हणजे ०.०००६९. नाण्याच्या हिशेबाने १३ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १४/८,१९२, म्हणजे ०.००१७. अपुरी! १३ पैकी १३ ची १/८,१९२. म्हणजे एवढ्या छोट्या तक्त्यावर ७२ नियम तपासल्यावर निर्दोष नियमाशिवाय काहीच ग्राह्य धरता येत नाही. एक ओळ चुकली की नियम बाद. असा निर्दोष नियम आमच्याकडे एकही नाही.

याहून बरी पद्धत सरमिसळीची. पायऱ्या:

१. निकालांचे तिन्ही रकाने एकत्र बांधून त्यांच्या ओळी पिसायच्या. वर्ष, यजमान वगैरे रकाने जागेवर.
२. पिसलेल्या तक्त्यावर सगळे ७२ नियम चालवायचे.
३. त्यांतला सर्वांत चांगला आकडा फक्त लिहून ठेवायचा.
४. हे १०,००० वेळा.
५. मूळ तक्त्यातला सर्वोत्तम नियम या यादीत वरून कितवा येतो ते पाहायचं.

तिसऱ्या पायरीत बहुतेक जण चुकतात. ते मूळ तक्त्यातला जो नियम आवडला तोच पिसलेल्या तक्त्यांवर चालवतात. त्याने शोधाशोधीचा दंड लागतच नाही. पिसलेल्या तक्त्यालाही तेवढंच शोधण्याची मुभा द्यावी लागते. एकच नियम आधीपासून ठरलेला असेल तर पिसण्याचीही गरज नाही: (क) च्या मांडण्या १,२८७ आणि (ख), (ग) च्या प्रत्येकी १,७१६; सगळ्या मोजता येतात.

२१ एप्रिल – पाकिस्तान, १९९२ आणि २०१९

सर्वांत गाजलेला जुळा नमुना. पाकिस्तानचे पहिले आठ सामने, दोन्ही स्पर्धांत:

हार, जीत, अनिर्णित, हार, हार, जीत, जीत, जीत.

१९९२ ला इम्रान खानच्या संघाने कप जिंकला होता, म्हणून २०१९ ला निम्मी स्पर्धा झाल्यावर उरलेली निम्मी लिहून झाल्यासारखी वाटत होती. झालं काय: नऊ सामन्यांत ११ गुण, न्यूझीलंडचेही ११, निव्वळ धावगतीवर पाकिस्तान पाचवा, उपांत्य फेरी हुकली.

४ जीत, ३ हार, १ अनिर्णित यांच्या वेगवेगळ्या मांडण्या २८०. तेव्हा जुळणी दुर्मिळ आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण दुर्मिळपणा कुठून आला ते पाहिलं. सगळा भार तिसऱ्या अक्षरावर आहे. तो सामना १९९२ ला ॲडलेडमध्ये इंग्लंडविरुद्ध होता: पाकिस्तान ७४ वर सर्वबाद, हरण्याच्या बेतात असताना पावसाने एक गुण दिला. २०१९ ला ब्रिस्टलमध्ये श्रीलंकेविरुद्ध एक चेंडूही पडला नाही. तक्त्यात दोन्हींना एकच अक्षर. संकेत दिला तो खेळाने नाही, आमच्या लघुलिपीने.

प्रतिस्पर्ध्यांचा क्रमही लावून पाहिला. आठ जागांपैकी प्रतिस्पर्धी जुळतो तो एकाच जागी, पहिल्या सामन्यात वेस्ट इंडीज. १९९२ ला नऊ संघ आणि प्रत्येकी आठ साखळी सामने. २०१९ ला दहा संघ, नऊ सामने. हे फरक लघुलिपीतून गळतात आणि जुळलेलं तेवढं वर तरंगतं.

शोधाचा आवाका: २०१९ चे दहा संघ, प्रत्येकाला आधीच्या ११ स्पर्धांशी ताडता येतं (सगळे सगळ्या स्पर्धांत नव्हते, तरी दहापटींत). त्यातही ‘जुळलं’ म्हणून सांगण्याजोगी तुलना फक्त ज्या वर्षी कप मिळाला त्या वर्षाशी. पाकिस्तानचं १९९६ चं वेळापत्रक कोणी ताडून पाहत नाही.

मोजणी: ८.

२३ एप्रिल – पॉल ऑक्टोपस

जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला. दोन संघांचे झेंडे लावलेल्या दोन पेट्यांपैकी ज्या पेटीतलं खाणं तो आधी खाई, तो संघ जिंकणार असं भाकीत धरत. २००८ च्या युरो स्पर्धेत ६ पैकी ४ बरोबर, २०१० च्या विश्वचषकात ८ पैकी ८. आठपैकी आठ म्हणजे २५६ त एक. पण पूर्ण कारकीर्द घेतली तर १४ पैकी १२, आणि बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०६/१६,३८४: सुमारे १५५ त एक. सांगताना २००८ गाळतात.

पाया: २०१० ला जर्मनीने सातपैकी पाच सामने जिंकले. ‘नेहमी जर्मनी’ म्हणणारा दगडसुद्धा सातपैकी पाच बरोबर देतो. पॉलचं श्रेय सर्बिया आणि स्पेन या दोन पराभवांत, आणि अंतिम सामन्यात. पेट्या दोनच असल्याने बरोबरीचं भाकीत त्याला करताच येत नव्हतं. गटसामन्यांत बरोबरी झाली असती तर ती चूक धरायची की सोडून द्यायची, हे आधी कोणी ठरवलं होतं का?

किती प्राणी लागतील: सुमारे १७७ प्राण्यांना आठ-आठ सामने दिले की निदान एकाचे आठही बरोबर येण्याची शक्यता निम्मी होते. चुकलेल्या प्राण्यांची बातमी होत नाही. ते मोजणीतून असे गळतात.

२८ एप्रिल – रेडस्किन्स नियम

नियम सापडल्यानंतरचा हिशेब वेगळा कसा ठेवायचा, याचा सर्वांत चांगला नमुना. अमेरिकी फुटबॉलमधला वॉशिंग्टन रेडस्किन्स (२०२० पर्यंतचं नाव) हा संघ अध्यक्षीय निवडणुकीआधीचा घरचा शेवटचा सामना जिंकला तर व्हाइट हाउस सत्ताधारी पक्षाकडेच राहतं, हरला तर जातं. २००० साली हे लक्षात आलं तेव्हा १९४० ते १९९६ या १५ निवडणुकांना ते लागू पडत होतं. १५ पैकी १५, म्हणजे ३२,७६८ त एक.

छेद मोठा वाटतो. अंश बघू. तीस संघ, घरचा किंवा बाहेरचा सामना (२), निवडणुकीआधीचा शेवटचा, त्याच्या आधीचा किंवा मोसमातला पहिला (३), नियम सुलटा किंवा उलटा (२): एका खेळात ३६० नियम. असे चार मोठे खेळ धरले तर १,४४०. ३२,७६८ ला भागा: साधारण २३ त एक. सगळे संघ १९४० पासून नव्हते, म्हणून थोडं कमी करा. कॉलेजचे संघ जोडा, पुन्हा वाढवा.

सापडल्यानंतर, रेडस्किन्स हे नाव असेपर्यंत: २००० बरोबर, २००४ चूक (पॅकर्सकडून २८–१४ ने हार, तरी बुश निवडून आले), २००८ बरोबर, २०१२ चूक, २०१६ चूक. पाचपैकी दोन.

२००४ नंतर नियमाला ठिगळ लागलं: मागच्या निवडणुकीत ज्याला देशभरात जास्त मतं पडली तोच अध्यक्ष झाला नसेल, तर अर्थ उलटा घ्यायचा. याने २००४ परत ‘बरोबर’ झालं. ठिगळाने जुनी चूक झाकली, पण पुढच्या २०१२ आणि २०१६ ला काही केलं नाही. आमच्या वहीत ठिगळ म्हणजे नवा नियम: मोजणी एकाने वाढते, आधीचं यश शून्यावर येतं.

५ मे – ‘फॉर्मात आहे’ तपासताना अवजारातलीच चूक

एका यशानंतर दुसऱ्या यशाची टक्केवारी काढणारा भाग चाचणीत निव्वळ नाण्यावर ५० ऐवजी कमी आकडा देत होता. दोष कोडमध्ये नव्हता, सरासरी घेण्यात होता.

तीन फेकींच्या आठ मांडण्या घ्या (छ = छापा, क = काटा). प्रत्येकीत ‘छ नंतर पुन्हा छ’ हे प्रमाण: छछछ १, छछक ½, छकछ ०, छकक ०, कछछ १, कछक ०. ककछ आणि ककक मध्ये छ नंतर फेकच नाही, त्या बाद. सहा प्रमाणांची सरासरी २½ भागिले ६, म्हणजे ५/१२, ४१.७ टक्के. नाणं अगदी सरळ असूनही.

सगळ्या मांडण्यांतल्या फेकी एकत्र ओतल्या तर छ नंतरच्या फेकी ८, त्यांत छ ४: बरोबर ५० टक्के. आधी प्रत्येक मालिकेचं प्रमाण काढून मग सरासरी घेतली की छ नंतर कमी फेकी असलेल्या मालिका फाजील वजन खातात.

हे क्षुल्लक वाटतं, पण बास्केटबॉलमधला ‘हॉट हँड’ (लागोपाठ बास्केट करणारा पुढचाही करेल ही समजूत) हा भ्रम आहे असं गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वेर्स्की यांनी १९८५ मध्ये मांडलं, आणि २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी नेमकी हीच तिरकी सरासरी दाखवून त्या निष्कर्षाला धक्का दिला. योगायोग म्हणून उडवून लावणारेही मोजणीत घसरतात. आमचा भाग दुरुस्त: फेकी एकत्र ओतायच्या, मालिकांची सरासरी नाही.

८ मे – पंधरा टॉस

२०२३ च्या अंतिम सामन्यापासून ९ मार्च २०२५ च्या दुबईतल्या चॅम्पियन्स ट्रॉफी अंतिम सामन्यापर्यंत भारत एकदिवसीय सामन्यांत ओळीने १५ टॉस हरला. पुन्हा ३२,७६८ त एक. रोहित शर्मापुरतं मोजलं तर १२, ब्रायन लाराच्या विक्रमाइतके. संघ मोजायचा की कर्णधार, ही पण एक कळच.

एखाद्या टॉसपासून निदान पंधरा पराभवांची नवी साखळी सुरू होण्याची शक्यता ६५,५३६ त एक (आधीचा हरलेला नसावा, म्हणून आणखी अर्धी). पुरुषांचे एकदिवसीय सामने ४,००० हून अधिक झाले, म्हणजे संघांच्या बाजूने ८,००० हून अधिक टॉस. अशा साखळ्यांची अपेक्षित संख्या ०.१२, सलग जिंकण्याच्या साखळ्याही धरल्या तर ०.२४. कसोट्या आणि टी-२० जोडले की आणखी वर. दुर्मिळ आहे, पण ३२,७६८ त एक नव्हे.

चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत पाचही टॉस हरला आणि पाचही सामने जिंकला. नियम म्हणून जाळ्यात टाकला नाही.

सोळाव्या टॉसची शक्यता: निम्मी.

१२ मे – सगळेच योगायोग नसतात

फुटबॉल विश्वचषक अमेरिका खंडांत झाला त्या पहिल्या सात वेळा (१९३०, १९५०, १९६२, १९७०, १९७८, १९८६, १९९४) विजेता दक्षिण अमेरिकी. २०१४ ला ब्राझीलमध्ये जर्मनीने ते मोडलं. हा नियम लीप वर्षाच्या टोपलीत टाकणं अन्याय होईल. लांबचा प्रवास, हवामान, उंची, घरचे प्रेक्षक ही कारणं सामने मोजण्याआधीच माहीत होती. नियम मोडला म्हणजे तो खोटा होता असं नाही. कारणाचा जोर ओसरू शकतो.

त्याच निकषाने विश्वचषक तक्ता परत उघडला. दिवसरात्रीचे अंतिम सामने पाच (१९९२, १९९६, २०११, २०१५, २०२३), त्यांत पाठलाग चारदा यशस्वी. दिवसाचे आठ, त्यांत दोनदा. इतकं किंवा जास्त टोक येण्याची शक्यता १११/१,२८७, म्हणजे ८.६ टक्के. दव आणि प्रकाशझोत ही कारणं खरी असू शकतात, म्हणून हा रकाना फेकायचा नाही. पण तेरा अंतिम सामन्यांत तो तपासायचाही नाही. दव अंतिम सामना बघून पडत नाही. सगळे दिवसरात्रीचे एकदिवसीय सामने घ्यायचे, मैदान आणि महिना यांनुसार वेगळे करून. तो वेगळा तक्ता, वेगळी मोजणी.

१९ मे – मोहोरबंद फाइल

२०२७ साठी (यजमान दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, नामिबिया) चार नियम लिहून फाइलचा ठसा काढून ठेवला:

अ. लीप वर्ष नाही: टॉस हरणारा जिंकेल.
आ. ७ ने संपणारं वर्ष: ऑस्ट्रेलिया टॉस जिंकेल, पहिली फलंदाजी करेल, कप जिंकेल.
इ. सलग चारदा पाठलाग: पाचव्यांदाही पाठलाग करणाराच.
ई. यजमान: मधला २०२३ अपवाद धरून, कप यजमानांकडे.

निकालाच्या व्याख्या: टॉस पुन्हा झाला तर शेवटचा. सामना टाय झाला तर पंचांनी ज्याला कप दिला तो विजेता. ऑस्ट्रेलिया अंतिम सामन्यात नसेल तर ‘आ’ चूक, ‘लागू नाही’ नव्हे. कप वाटून दिला तर चारही चूक.

फाइल बंद करताना लक्षात आलेलं: ‘अ’ आणि ‘आ’ एकमेकांविरुद्ध आहेत, ‘आ’ आणि ‘इ’ ही. टॉस हरणारा जिंकला तर ‘अ’ बरोबर. टॉस जिंकणाऱ्याने पाठलाग करून जिंकला तर ‘इ’ बरोबर. उरतं ते टॉस जिंकून, पहिली फलंदाजी करून जिंकणं. तिथे ऑस्ट्रेलिया असेल तर ‘आ’, एखादा यजमान असेल तर ‘ई’. चारही एकदम चुकायला कप वाटून द्यावा लागेल, किंवा याच मार्गाने तिसराच कोणी तो न्यावा लागेल. बाकी काहीही झालं तरी चारांतला निदान एक ‘खरा ठरला’ म्हणून मिरवता येईल. म्हणून फाइलच्या वर एक ओळ वाढवली: बरोबर आलेला नियम सांगताना उरलेले तीन त्याच वाक्यात सांगायचे.

मोजणी: ७२ जाळ्यातले, हातचे ८, यांत नसलेला मोहोरबंद १ (‘इ’). एकूण ८१.